सांगे-केप्याच्या रानातले वर्दळ नसलेले रस्ते

गोव्यात सायकल चालवायची म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर किनाऱ्यालगतचा रस्ता येतो, आणि ज्यांनी सुट्टीच्या दिवसांत म्हापसा ते कळंगुट किंवा पणजी ते मडगाव हे अंतर एकदा सायकलने कापले आहे, ते पुन्हा सायकल घेऊन गोव्यात यायचे नाव काढत नाहीत. भाड्याच्या दुचाक्या, पर्यटकांच्या गाड्या, राष्ट्रीय महामार्ग ६६ वरचे ट्रक आणि अरुंद वळणावर हॉर्न वाजवीत अंगावर येणाऱ्या खासगी बसगाड्या यांच्यातून वाट काढताना चालवण्याचा आनंद उरत नाही. याच गोव्यात समुद्राकडे पाठ करून तीस-चाळीस किलोमीटर आत गेले, तर सह्याद्रीच्या पायथ्याशी चांगल्या डांबराचे असे रस्ते आहेत की ज्यांवर भल्या सकाळी सरकारी कदंब परिवहनाची एखादी बस, रबर काढायला किंवा बागेत निघालेली एक-दोन माणसे आणि दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल यांपलीकडे फारसे कोणी भेटत नाही. मी कामानिमित्त मडगावात राहते आणि सुट्टीच्या दिवशी उजाडण्यापूर्वी याच दिशेला निघते. महाराष्ट्रातून येणारे सायकलस्वार मित्र नेहमी विचारतात की हे रस्ते तुला सापडले कसे. त्याचे उत्तर सविस्तर द्यावे, म्हणून हे लिहीत आहे.

रस्ता रिकामा असतो तो योगायोगाने नव्हे, त्याला काहीतरी कारण असते. ते कारण समजून घेतले की नकाशा वाचायची पद्धतच बदलते. बहुतेक जण नकाशावर एखादा बारीक रस्ता पाहतात आणि तो बारीक आहे म्हणजे शांत असेल असे धरून चालतात. प्रत्यक्षात दोन मोठ्या गावांना जोडणारा बारीक रस्ता हाच सर्वांत त्रासाचा असतो, कारण जवळची वाट म्हणून सारी वाहने तिथूनच जातात आणि बाजूला सरकायला जागा नसते. मी आधी हे पाहते की हा रस्ता पुढे कुठे जातो. तो जर अभयारण्यातल्या शेवटच्या वाडीपाशी संपत असेल, धरणाच्या पाण्याला टेकून थांबत असेल, किंवा ज्या कामासाठी तो रुंद केला ते कामच बंद पडले असेल, तर त्यावर वर्दळ असण्याचे कारण उरत नाही. सांगे आणि केपे या दोन तालुक्यांत ही तिन्ही कारणे एकत्र नांदतात. त्यात गोव्याच्या भूभागाचा सुमारे पाचवा हिस्सा अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यान यांनी व्यापलेला असून तो बहुतांश पूर्वेच्या डोंगरपट्ट्यात आहे, त्यामुळे झाडीला तोटा नाही.

मडगावाहून निघायचे तर मी पारोड्याची वाट धरते. शहराबाहेरचे पहिले काही किलोमीटर सोसावे लागतात, पण चंद्रनाथाच्या डोंगराच्या पायथ्याला रस्ता कुशावती नदीच्या खोऱ्यात उतरला की दोन्ही बाजूंनी शेते लागतात आणि हवाही बदलते. भर पावसाळ्यात पारोड्याला नदीचे पाणी रस्त्यावर येते. तेव्हा चांदरच्या बाजूने जाणे शहाणपणाचे. केपे ओलांडून तिळामळच्या तिठ्यावर आले की कुडचड्याला जाणारी सारी वाहने वेगळी होतात आणि जांबावलीच्या रस्त्याला लागताच खरा प्रवास सुरू होतो. जांबावलीचा दामोदर हा मूळचा मडगावचा देव, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळाच्या काळात भक्तांनी त्याला नदीपलीकडच्या या सुरक्षित मुलखात आणले. फाल्गुनातल्या शिशिरोत्सवात गुलालाच्या दिवशी अवघे मडगाव जांबावलीला लोटते. तो दिवस सोडला, तर देवळासमोरून जाणारा हा रस्ता सकाळी अगदी मोकळा असतो.

पुढे रिवण. इथून चढउतार सुरू होतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुळागरे लागतात. उंच सुपारी, तिच्यावर चढलेली मिरवेल, खाली केळी आणि वेलदोडा, आणि या सगळ्यांच्या मुळाशी पाटाचे पाणी. कुळागराजवळून जाताना हवेतला गारवा उन्हाळ्यातही एकदम जाणवतो. चढ चढून तापलेले अंग घेऊन मी अशा जागी हटकून थांबते. याच टप्प्यात पोदेर भेटतो. मागच्या कॅरिअरवर वेताची मोठी टोपली, तिच्यावर निळे प्लास्टिक, हँडलला रबरी फुग्याचा भोंगा, आणि गिअर नसलेली जड सायकल. तो प्रत्येक वळणाआधी भोंगा दोनदा दाबतो, आणि तो ऐकून घरातून बायका पिशवी घेऊन पायरीवर येतात. त्याच्याकडून गरम पोळी घ्यावी, म्हणजे कोंडा लावलेला, आतून पोकळ असा गोव्याचा पाव, आणि पुढच्या गावातल्या हॉटेलात पातळभाजीबरोबर खावी. या भागात सायकलला वाट देण्याची रीत अजून टिकून आहे, आणि तिचे बरेचसे श्रेय मी या पोदेरांना देते. रोज पहाटे सायकलवर फिरणारा माणूस ज्या रस्त्याच्या ओळखीचा असतो, त्या रस्त्यावरचे बसचालकही सायकलस्वाराला माणूस म्हणून पाहतात.

रिवणहून नेत्रावळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळंब परिसरात उसगाळीमळचा फाटा लागतो. आत वळल्यावर थोडा उतार आहे आणि त्याच्या शेवटी कुशावतीच्या काठावर जांभ्या दगडाचे सपाट कातळ पसरले आहे. १९९३ मध्ये गावकऱ्यांच्या सांगण्यावरून पुरातत्त्व अभ्यासकांना या कातळावरच्या खोदचित्रांची माहिती झाली. बैल, हरणे, माणसाच्या आकृत्या, पावलांचे ठसे आणि एकात एक गुंफलेल्या वर्तुळांचे मोठे चक्रव्यूहासारखे चित्र, असे सारे इथे उघड्यावर आहे. भर दुपारी आलेल्या माणसाला यातले निम्मेही नीट दिसत नाही, कारण उन्हाचा झोत सरळ वरून पडला की उथळ रेषा बुजून जातात. सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास ऊन तिरपे असते, तेव्हा प्रत्येक रेषेच्या एका काठाला बारीक सावली धरते आणि बैलाच्या वशिंडाचा बाक, शिंगांची वळणे, पाठीची रेघ स्वच्छ उठून येते. चक्रव्यूहाच्या बाहेरच्या कडेला बसून बोटाने हवेतच ती वाट आतपर्यंत मोजत जावी. पाय किंवा सायकलचे बूट त्या कातळावर ठेवू नयेत. बुटांच्या तळाला लोखंडी पट्टी असते आणि जांभा दगड तिच्यापुढे फार मऊ आहे.

या खोदचित्रांच्या जवळच खाणीचा मोठा खड्डा आहे, आणि इथे मला त्या विषयावर बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आज ज्या रस्त्यांची मी एवढी तारीफ करत आहे, ते २०१२ पर्यंत सायकलस्वाराने पाऊलही ठेवू नये असे होते. सांगे-केप्याच्या खाणींतले लोहखनिज ट्रकांनी झुआरी नदीच्या धक्क्यांवर जात असे आणि तिथून बार्जेसमधून मुरगाव बंदरात. तेजीच्या त्या वर्षांत कुडचडे-सावर्डे भागात ट्रकांच्या रांगा लागत, रस्त्याकडेची झाडे, घरांची कौले आणि वाळत घातलेले कपडे लाल धुळीने माखत, आणि शाळेत जाणारी मुले नाकाला रुमाल लावून चालत. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत ते पुन्हा सुरू करण्याची वाट मोकळी झाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवल्यावर मार्चपासून काम पुन्हा थांबले. ट्रक गेले, रस्ते राहिले. खनिजवाहतुकीसाठी रुंद केलेले काही रस्ते आज आपल्याला रिकामे मिळतात ते यामुळे.

हे लिहिताना मन मोकळे होत नाही, कारण ज्या शांततेत मी सायकल चालवते, तिची किंमत या गावांनी मोजली आहे. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांचे हप्ते थकले, गॅरेज आणि चहाची दुकाने बंद पडली, आणि गंजत पडलेले ट्रक आजही अंगणाच्या कडेला दिसतात. रिवणच्या पुढे एका दुकानात पाणी घ्यायला थांबले असताना दुकानदार काकांनी विचारले, "खंयच्यान आयल्यात?" मी मडगाव म्हणून सांगितले आणि रस्ता किती छान आहे असे म्हटले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहून म्हणाले की आमच्या दारावरून दिवसभर ट्रक जायचे तेव्हा आम्हाला झोप नव्हती आणि आता ट्रक नाहीत तेव्हाही नाही. खाणी बंद राहाव्यात की सुरू व्हाव्यात हे ठरवण्याचा अधिकार माझ्यासारख्या सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या बाईला नाही. मात्र २०२२ च्या अखेरीपासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आहेत. उद्या जिथे खनिज निघेल तिथे ते वस्तीतल्या आणि रानातल्या रस्त्यांवरून नेऊ नये, त्यासाठी स्वतंत्र मार्ग असावा, ही मागणी गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे केली आहे आणि तिला सायकलस्वारांनी आवाज द्यायला हवा, असे मला मनापासून वाटते.

दुसरा रस्ता धरणाचा. सांगे शहराजवळचे साळावली धरण अर्ध्याहून अधिक दक्षिण गोव्याची तहान भागवते. त्याचा बदकाच्या चोचीच्या आकाराचा सांडवा पावसाळ्यात भरून वाहू लागला की बघ्यांची गर्दी होते, तेवढे दिवस सोडून इतर वेळी जावे. धरणाच्या भिंतीपर्यंत बरेच जण येतात, पण त्यापलीकडे जलाशयाच्या कडेने नेत्रावळीच्या दिशेला जाणारा रस्ता धरला की माणसांची चाहूल विरळ होते. पाण्याने जुन्या वाटा तोडल्या आणि नव्या वाटा वळसा घालून गेल्या. वळसा लांब असल्याने घाईत असलेला कोणी या बाजूला येत नाही. सायकलस्वाराला मात्र लांब वळसा म्हणजे पर्वणीच असते, कारण चढ मध्यम, सावली भरपूर आणि मधूनमधून झाडांच्या फटीतून दिसणारे पाणी.

या पाण्याखाली कुर्डी गाव आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी स्वतः येऊन गावकऱ्यांना धरणाची कल्पना दिली होती, आणि १९८० च्या दशकात गाव पाण्याखाली गेले. लोकांचे पुनर्वसन वाडे आणि वालकिणी इथे झाले. गावातले प्राचीन महादेवाचे देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभे केले, ते आज सायकल टेकवून पाहता येते. जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर या याच गावच्या, १९०४ चा त्यांचा जन्म. किशोरीताई आमोणकरांच्या त्या आई. महाराष्ट्रातल्या संगीतप्रेमी घरांत कुर्डीकर हे नाव सर्वांच्या तोंडी आहे, पण ते ज्या गावाचे, ते गाव वर्षातले जवळजवळ अकरा महिने तलावाच्या तळाशी असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. एप्रिलच्या अखेरीपासून पाणी उतरू लागते आणि मे महिन्यात घरांचे चौथरे, विहिरी, वठलेल्या झाडांचे बुंधे आणि जुन्या रस्त्याचे तुकडे वर येतात. त्या दिवसांत विस्थापितांची कुटुंबे सोमेश्वराच्या देवळापाशी आणि चॅपेलच्या जागी उत्सवासाठी जमतात. मे महिन्यात तिथवर सायकल नेता येते, पण शेवटचा भाग भेगाळलेल्या गाळाचा असल्याने बारीक टायरची सायकल हातात धरून चालावे. ज्या दिवशी तिथल्या लोकांचा सण असतो त्या दिवशी आपण कॅमेरे घेऊन त्यांच्यात घुसू नये. ते आपल्या घरी आलेले असतात.

आता नेत्रावळी, जिथे या परिसरातले सर्वांत सुंदर चालवणे मला लाभले. नेत्रावळी अभयारण्य १९९९ मध्ये घोषित झाले. सुमारे २११ चौरस किलोमीटरचे हे रान दक्षिणेला खोतीगावच्या आणि पूर्वेला कर्नाटकच्या जंगलांना भिडलेले आहे. गावात गोपीनाथाचे देऊळ आणि त्याच्या शेजारी बुडबुड्यांची तळी आहे. तळीच्या तळातून सतत बुडबुडे वर येत राहतात आणि पायरीवर शांत बसले की ते पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन फुटताना अगदी जवळून दिसतात. इथे नाश्ता करून, पाण्याच्या बाटल्या भरून, मगच पुढच्या चढाला लागावे. विचुंद्र्याच्या बाजूचा रस्ता शेतातून आणि बागांतून हळूहळू रानात शिरतो, आणि ज्यांना फार चढ नको असेल त्यांनी तेवढाच करून परतावे. त्यातही मन भरते.

ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांच्यासाठी वेर्ल्याचा घाट आहे. नेत्रावळीहून वेर्ले, तुडव, साळजिणी या डोंगरमाथ्यावरच्या वाड्यांकडे जाणारा हा रस्ता वनखात्याच्या नाक्यावरून आत शिरतो आणि मग एकामागून एक तीव्र वळणांनी वर चढत जातो. पुढच्या लहान चक्राला ३४ आणि मागच्या मोठ्या चक्राला ३२ दात असल्याशिवाय या घाटात बसून चढणे कठीण आहे. आतल्या वळणाचा उतार फारच उभा असल्याने वळणे शक्यतो बाहेरच्या बाजूने घ्यावीत, आणि इथे समोरून वाहन येण्याची शक्यता कमी असली तरी कानाने खात्री करूनच घ्यावीत. वर झाडी इतकी दाट होते की दहा वाजताही रस्त्यावर उन्हाचे फक्त कवडसे पडतात. ऐनाच्या झाडाला गोव्यात माट्टी म्हणतात आणि तो इथला राज्यवृक्ष आहे. त्याची सुसरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची साल या घाटात हाताच्या अंतरावर दिसते, कारण चढावर सायकलचा वेग चालणाऱ्या माणसाइतकाच उरलेला असतो. शेकरू झाडांच्या शेंड्यांतून ओरडते, धनेशाच्या पंखांचा आवाज त्याच्या दिसण्याच्या आधी ऐकू येतो. गाडीतून येणाऱ्याला यातले काही ऐकू येत नाही, आणि पायी येणारा एका दिवसात इतके रान ओलांडू शकत नाही.

माथ्यावर वेर्ल्यात पोहोचल्यावर मोजकी घरे, शेताचे लहान तुकडे आणि डोंगरांनी वेढलेले आकाश एवढेच आहे. तुडव आणि साळजिणीकडे जाणारा रस्ता पुढे रानात जातो, पण तिथून कुठल्याही मोठ्या गावाला जाता येत नाही, म्हणूनच या साऱ्या घाटात परकी वाहने नसतात. इथे मोबाइलला रेंज मिळेल असे धरून चालू नये, पंक्चरचे सामान आणि दोन ट्यूब बरोबर असाव्यात, आणि घरून निघताना कुठे चाललो आहोत ते कोणाला तरी नेमके सांगून ठेवावे. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवण्याऐवजी वळणाआधी दाबून वळणात सोडावेत. रिम ब्रेक असलेल्यांनी अध्येमध्ये थांबून रिमला हात लावून पाहावा, चटका बसला तर पाच मिनिटे थांबावे.

जनावरांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण वाहनांचा धोका नसला की आपण निर्धास्त होतो. सायकलचा आवाज होत नाही. गाडीचा आवाज ऐकून गवे आधीच रानात सरकतात, सायकलस्वार मात्र वळण घेतो आणि एकदम समोर उभा ठाकतो, त्यात जनावर आणि माणूस दोघेही दचकतात. त्यामुळे डोळ्याआडच्या वळणावर घंटी वाजवावी किंवा मोठ्याने बोलत जावे. तुडवच्या वाटेवर एका सकाळी तीन गवे रस्त्याच्या कडेला चरत होते. पायांना पांढरे मोजे घातल्यासारखा रंग, खांद्यावर उंचवटा, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या गव्याने मान वर करून नाकातून जोराने सोडलेला श्वास. मी सायकलवरून उतरून जागीच उभी राहिले, मागे फिरले नाही आणि फोनही काढला नाही. बराच वेळ त्याने माझ्याकडे पाहिले, मग एक-एक करून ते खालच्या बाजूच्या झाडीत उतरले आणि फांद्या मोडण्याचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत मी हलले नाही. त्यांचा रस्ता आहे, आपण थांबायचे, एवढे साधे गणित. संध्याकाळी पाचनंतर अभयारण्यातल्या रस्त्यावर राहू नये, हा माझा स्वतःसाठीचा नियम आहे.

खोतीगावबद्दल थोडक्यात लिहिते. काणकोणातल्या चावडीपासून जवळच असलेले हे अभयारण्य सुमारे ८६ चौरस किलोमीटरचे आहे, आणि प्रवेशद्वारातून आत जाणारा डांबरी रस्ता वेळीप समाजाच्या वाड्यांमधून कुस्केपर्यंत जातो. चढ सौम्य आहेत, त्यामुळे मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांना मी हाच रस्ता सुचवते. तिथवर पोहोचण्यासाठी महामार्गाचा काही भाग टाळता येत नाही, हीच त्याची एक उणीव.

उत्तरेला सत्तरीत वाळपईहून नगरगाव-करमळीकडे, ब्रह्मदेवाच्या प्राचीन देवळापर्यंत जाणारा रस्ताही याच जातीचा आहे, आणि म्हादई नदीच्या काठाने फिरणाऱ्या तिथल्या वाटांवर एक वेगळे पान लिहिता येईल. चोर्ला घाट मात्र सायकलस्वारांनी सुट्टीच्या दिवशी टाळावा. नावाला जंगल असले तरी बेळगावची सारी वाहतूक तिथून जाते. त्याऐवजी मोलेच्या बाजूने तांबडी सुर्लाला जावे. कदंबकालीन महादेवाचे ते काळ्या दगडाचे देऊळ इतक्या आडरानात होते की पोर्तुगीजांच्या काळातही ते शाबूत राहिले, आणि त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता देवळापाशीच संपत असल्याने आजही त्यावर देवळाला जाणाऱ्यांखेरीज कोणी येत नाही. दहाच्या आत पोहोचलात तर पर्यटकांच्या गाड्या येण्याआधी सुरलाच्या नदीकाठी तासभर निवांत मिळतो.

हंगामाचे म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोपा आहे, पण माझा आवडता महिना मार्च. उकाडा वाढलेला असतो हे खरे, पण काजूच्या बागांतून बोंडांचा आंबूस-गोड वास रस्त्यावर पसरलेला असतो, ठिकठिकाणी हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, भट्ट्या पेटलेल्या असतात आणि सकाळी सहाला निघून अकराच्या आत परतले तर उन्हाचा त्रास होत नाही. रस्त्यावर पडलेल्या बोंडांवरून चाक घसरते, तेवढे पाहावे. पावसाळ्यात रान सर्वांत देखणे असते, मात्र झाडांच्या सावलीतल्या डांबराच्या कडेला शेवाळ धरते आणि पहिल्या पावसाने लाल माती वाहून वळणावर येते. त्या दिवसांत २८ किंवा ३२ मिलिमीटरचे टायर लावून हवा थोडी कमी ठेवावी, रस्त्याच्या मधल्या पट्ट्यातून जावे, आणि वेर्ल्याचा घाट सोडून द्यावा. वर्दळ नसल्यामुळे मधून चालवता येते, ही या रस्त्यांनी दिलेली मोठी सोय आहे. किनाऱ्यालगत कडेला रेटले गेल्यामुळेच बहुतेक सायकली घसरतात.

बाहेरून येणाऱ्यांनी मडगावला कोकण रेल्वेने उतरावे. सायकल सामानाच्या डब्यात नोंदवताना पुढचे चाक आणि पेडल काढून, गिअरच्या बाजूला जाड पुठ्ठा बांधून द्यावी. ज्यांना मडगाव ते केपे हा सुरुवातीचा गजबजलेला भाग नको असेल त्यांच्यासाठी कुळे-वास्को मार्गावरचे सावर्डे-कुडचडे स्थानक सोयीचे आहे, तिथून सांगे आणि रिवण दोन्ही जवळ पडतात. मुक्कामाला नेत्रावळी परिसरात गावकऱ्यांनी चालवलेली घरगुती निवासस्थाने आहेत. आदल्या दिवशी फोन करून जेवणाचे सांगितले तर रात्री उकड्या तांदळाचा भात, सोलकढी आणि बागेतली भाजी मिळते, आणि दुसऱ्या दिवशी वेर्ल्याचा घाट ताज्या पायांनी चढता येतो. त्या घरांना दिलेले पैसे गावातच राहतात, म्हणून शहरातून खाऊ बांधून आणण्यापेक्षा तिथेच जेवावे. नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती घ्यावी, रात्रीचे दिवे चार्ज करून ठेवावेत, आणि पहाटे साडेपाचला निघण्याची तयारी असेल तरच घाटाचा बेत करावा.